वरतून का खालतून?

विहिरीचं पाणी मोजणं ही माझी नोकरी होती. एकतीस वर्षं केली. लोकांना सांगितलं की ते आधी हसतात, मग विचारतात, मोजून काय व्हायचं, पाणी वाढायचं का? वाढायचं नाही. डॉक्टरने थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही, तरी तो लावतोच. एवढं सांगून मी पुढे चालायचो.

मी साहेब नव्हतो, मदतनीस होतो. जमिनीखालच्या पाण्याची नोंद ठेवणारं एक सरकारी खातं आहे. तिथे साहेबाच्या मागे टेप, बॅटरी आणि वही घेऊन चालायचं, विहिरीत वाकायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. शिक्षण सातवी, तीही दोन झटक्यांत. हे लिखाण माझी नात पल्लवी हिने शुद्ध केलंय. काही ठिकाणी तिने तिचे शब्द घातले, ते खोडून मी परत माझे घातले. त्यावरून भांडण झालं ते वेगळं.

या अंकाचे संपादक म्हणाले, आबा, नोकरीतलं काहीतरी लिहा. कधी लागलो, कुठे बदली झाली, यात कोणाला काय गोडी? मी यंदाच्या उन्हाळ्यातले आठ दिवस लिहितो. त्या आठ दिवसांत माझी सगळी नोकरी पुन्हा एकदा होऊन गेली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दोरीला दगड बांधला आणि सोडला की विहीर मोजून झाली. तसं नसतं. आमच्याकडे पोलादी टेप असायची. तिच्या टोकाकडच्या चार हात लांबीला खडू चोळायचा. विहिरीच्या कठड्यावर खात्याने लाल खूण केलेली असते, टेप दरवेळी त्याच खुणेवरून सोडायची. टोक पाण्यात बुडालं की खुणेवर पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, समजा बारा. मग टेप वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत काळा पडतो. समजा एक मीटर भिजला, तर बारातून एक गेला, राहिले अकरा. त्यातून कठड्याची उंची वजा करायची. उरलं ते उत्तर. पाणी जमिनीपासून इतकं खाली. वर्षातून चार वेळा, त्याच विहिरी, त्याच खुणा. पुढे पाण्याला टेकलं की कुईं करणारं यंत्र आलं. त्याचे सेल नेमके विहिरीवर संपायचे. खडू कधी संपला नाही.

तो संपला नाही जिजीमुळे. जिजी म्हणजे माझी बायको. तिचं नाव वेगळं होतं, पण घर आणि आमचं निम्मं असोदं गाव तिला जिजीच म्हणायचं. माहेर भडगावकडचं, गिरणेच्या काठचं, म्हणून बोली आमच्याहून निराळी. असोद्यात पंचेचाळीस वर्षं काढली, तरी तिचं 'शे' काही 'आहे' झालं नाही. गावातल्या शाळेत ती आधी झाडलोट करायची, नंतर खिचडी शिजवायला लागली. खात्याकडून टेप मिळायची, पण खडू मागितला की चार महिन्यांनी यायचा, तोही तुटका. मास्तर लोक फळ्यावर लिहून उरलेले तुकडे जिजीला देऊन टाकायचे. ते ती पत्र्याच्या एका डब्यात साठवायची. दौऱ्यावर निघालो की भाकरीच्या फडक्यात मूठभर तुकडे बांधून द्यायची. जळगाव जिल्ह्यातलं सरकारी पाणी एकतीस वर्षं शाळेच्या उष्ट्या खडूने मोजलं गेलं, हे कोणत्या अहवालात आलेलं नाही. म्हणून इथे लिहितो.

जिजीची आणखी एक खोड होती. घरात कोणी काही मोजून सांगितलं की ती विचारायची, "वरतून का खालतून?" पिठाचा डबा वीतभर आहे म्हटलं की, वरतून का खालतून? म्हणजे वीतभर उरलंय की वीतभर संपलंय. रॉकेलचं पिंप, माठ, तेलाची बरणी, सगळ्याला हाच प्रश्न. नातवंडं हसायची, तिची नक्कल करायची. तो प्रश्न आला कुठून हे घरात फक्त तिला आणि मला माहीत होतं. ते पुढे येईल.

जिजी काविळीने गेली. तीन आठवडे दुखणं. ती गेल्यावर मी ओट्यावर बसायचा बंद झालो. बोलणंही कमी केलं, कारण बोललं की लोक समजूत घालतात आणि मला समजूत घातलेली चालत नाही.

पाच महिने असे गेले, आणि एक दिवस पल्लवी फोन हातात घेऊन माझ्या खाटेपाशी आली. ती जळगावला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. म्हणाली, आबा, तुमच्या खात्यातून मुलाखतीला बोलावलंय. मी म्हटलं, मला कशाला, मी निवृत्त झालो. म्हणाली, तुम्हाला नाही हो, मला. इंटर्नशिप आहे, दोन महिने. मी म्हटलं, म्हणजे उमेदवारी. पगार नाही, काम शिकायचं. ती म्हणाली, तेच ते.

मग तिने सगळं सांगितलं. शेवटच्या वर्षाला दोन महिने खरं काम केल्याचा कागद लागतो, त्याशिवाय निकाल अडतो. खात्यात जागा चार, अर्ज तीसेक. मुलाखत धुळ्याला, आठ दिवसांनी. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, वरणगावला कामाला जातो. सरळ माणूस आहे, पण घाबरट. तो जेवताना म्हणाला, एक बोअरवाला माझ्या ओळखीचा आहे, तो दोन महिन्यांचा कागद असाच लिहून देईल, कशाला उन्हात धुळ्याला जाते? पल्लवीने हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, "पप्पा, जे काम केलंच नाही त्याच्यावर मी सही कशी करू?" बाप म्हणाला, बरं, कर तुझी मुलाखत. नाही जमलं तर बोअरवाला आहेच.

म्हणजे गोष्ट साधी होती. आठ दिवसांत पोरगी तयार झाली तर खरं काम, नाही तर खोटा कागद. मी खाटेवरून उठलो.

पहिल्या दिवशी मी साहेब झालो. खुर्चीवर बसलो, टोपी नीट केली आणि विचारलं, तुम्हाला या खात्यात का यायचंय? तिने पाठ केलेलं सुरू केलं. मला देशाच्या जलसंपत्तीच्या संवर्धनासाठी योगदान द्यायचे आहे. मी म्हटलं, देशाचं राहू दे, तुला भर एप्रिलात दिवसाला सात विहिरी चालून होतात का, ते सांग. ती म्हणाली, असं थोडंच कोणी विचारतं? मी म्हटलं, विचारत नाहीत, पण बघतात. साहेब लोकांना बोलणारी पोरं पुष्कळ मिळतात, वाकणारी मिळत नाहीत. तू विहिरीत वाकून कधी बघितलंय? तिने खरं सांगितलं, फोटोत बघितलंय.

दुसऱ्या दिवशी तिला आमच्या शेतातल्या विहिरीवर नेलं. केळीच्या कडेला जुनी विहीर आहे. निवृत्त होताना खात्याची टेप मी जमा केली होती, म्हणून गवंड्याकडून पोलादी टेप आणली आणि टोकाला एक नट बांधला. ती म्हणाली, खडू? मी म्हटलं, दुकानातून आण. डबा माळ्यावर होता. जिजी गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. हे मी तिला बोललो नाही.

तिने दुकानातून गुळगुळीत खडू आणला, धूळ न उडणारा. ज्या खडूची धूळच उडत नाही तो टेपला काय चिकटणार? तीनदा टेप सोडली, तीनदा कोरडी की ओली काही कळेना. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी घरून गव्हाचं पीठ आणून चोळलं. पिठाने काम केलं, पण विहिरीला जेवू घातल्यासारखं वाटलं. माळ्यावरच्या डब्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही. माझी ही खोड जुनी आहे, नको तिथे गप्प बसायची.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र तिला गोष्टींची गोडी लागली. मी एक विहीर आठवायचो, ती वहीत लिहून घ्यायची.

चोपड्याकडे एक म्हातारी होती, अक्का म्हणायचे सगळे. तिला वाटायचं, विहीर मोजली की तिला नजर लागते. बरोबर आहे, गावात तान्हं पोर कोणी मोजत नाही. तिने अट घातली, टेपच्या टोकाला लिंबू-मिरची बांधा, मगच सोडा. साहेब मला म्हणाले, बांधा पाटील, काय बिघडतं? बांधलं. लिंबू तरंगलं आणि टेप बुडेना. अर्धा तास आम्ही दोघं सरकारी माणसं एका लिंबाशी झगडत होतो. मग मी म्हटलं, अक्का, नजर टेपला लागत नाही, बघणाऱ्याला लागते, लिंबू माझ्या मनगटाला बांधा. ते तिला पटलं. पुढे ती असेपर्यंत त्या विहिरीवर मी मनगटाला लिंबू बांधूनच वाकायचो.

भडगावच्या अलीकडे एक नाना होते. विहीर मोजायची तर आधी चार-सहा तास मोटर बंद हवी, नाही तर पाणी खरं तिथे नसतं. आदल्या दिवशी निरोप धाडायचा असतो. नाना दरवेळी शपथ घ्यायचे, कालपासून मोटर बंद शे भाऊ. मी वाकून बघायचो, तर पाण्याच्या वर हातभर भिंत ओली. म्हणजे पाणी आत्ताच खाली गेलंय. मी म्हणायचो, नाना, भिंतीला अजून घाम शे. नाना हसायचे आणि म्हणायचे, मग चहा घ्या, तोवर वाळेल. पल्लवीने वहीत लिहिलं, माणूस खोटं बोलला तर भिंत बघायची. मी म्हटलं, एवढं बोललीस तरी अर्धी मुलाखत झाली.

बोलण्याचीच तिला धास्ती होती. जिजीच्या मांडीवर वाढलेली पोर, घाई झाली की तोंडातून 'शे' निघतं. ती आरशासमोर 'आहे, आहे' घोकत बसली. मी सांगितलं, निघालं तर निघू दे. ज्याच्या विहिरीवर जायचं तोही तसाच बोलतो.

हे मी सांगितलं खरं, पण त्याच शब्दापायी मी एकदा जे केलं, ते तिला सांगितलं नाही. सगळ्या विहिरी सांगितल्या, ती एक सोडून. पोरीच्या डोळ्यांत मी मोठा झालो होतो, तो लहान कशाला करू? तुम्हाला सांगतो.

माझ्या नोकरीला पंधराएक वर्षं झाली होती तेव्हा कोल्हापूरकडचे एक तरुण साहेब आले. हुशार, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी ऑफिसात मी म्हटलं, साहेब, जीप तयार शे. मीही भडगावकडच्या बाईशी संसार केलेला, बोली लागतेच. ते हसले. चारचौघांत माझी नक्कल केली, शे का पाटील, शे का. त्यांच्या मनात काही नसेल, वय होतं. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं.

त्या मार्चमध्ये आम्ही एका लहान गावात गेलो. आधीच्या विहिरीत आमची टेप मोटरच्या पाइपात अडकून तुटली होती. नवी आणायची तर जळगाव गाठायला लागलं असतं. साहेब म्हणाले, मालकालाच विचारू. विहीर नऊ परस खोल. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा होतो तेवढं. जुनी माणसं विहीर अशीच मोजतात. साहेबांनी म्हाताऱ्या मालकाला विचारलं, बाबा, पाणी किती? तो म्हणाला, चार परस. साहेबांनी मनात मीटर केले आणि पाणी चार परसांवर धरून आकडा लिहिला.

इथे चूक झाली. खातं पाणी वरून मोजतं, जमिनीपासून किती खाली गेलं ते. शेतकरी खालून मोजतो, तळापासून किती उभं आहे ते. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, विहिरीत चार परस पाणी उभं आहे. म्हणजे वरून ते पाच परस खाली होतं. साहेब परमुलखातले, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी वाकून बघितलं होतं, पाणी कुठे आहे ते डोळ्यांना दिसत होतं. साहेबांनी पेन उचललं आणि मला विचारलं, बरोबर ना पाटील? मी म्हटलं, "साहेबांनी लिहिलं ते बरोबर."

एका आकड्याने गाव तहानलं असं मी म्हणणार नाही. टंचाई ठरवायला दहा कागद बघतात. पण त्या दहांत तो एक कागद होता, आणि त्याच्यावर त्या गावचं पाणी खऱ्याहून वर दिसत होतं. शेजारच्या गावांना टँकर सुरू झाले, त्या गावाला नाही. मे महिन्यात त्या रस्त्याने जाताना हंडे घेतलेल्या बाया दिसल्या. मी पाणी प्यायला थांबलो होतो. त्यांच्यातल्या एकीने मला ओळखलं. म्हणाली, "भाऊ, तुम्हीच ना विहीर मोजून गेलेले? मग आमचंच पाणी कुठे चुकलं?" रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिचा आपला साधा विचारलेला प्रश्न होता, आणि विचारता विचारता हंडा कलता करून मला ओंजळभर पाणी दिलं. मी प्यालो.

घरी आलो आणि जिजीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "बठ्ठं गाव पाणीकरता हिंडस, आनि तुम्ही तोंड धरीसन बठेल शेतस?" म्हणजे सगळं गाव पाण्यासाठी हिंडतंय आणि तुम्ही तोंड धरून बसलात? मी म्हटलं, साहेबाने माझी नक्कल केली होती. ती म्हणाली, नक्कल साहेबानी करी, तीस लागनी त्या बायासले, हा कुठला न्याय? तीस म्हणजे तहान. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, तो परका माणूस, त्याला काय ठाऊक? तुम्ही म्हाताऱ्याला एवढंच विचारायचं होतं, वरतून का खालतून?

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. नोकरी जाईल असं वाटलं होतं. सगळं सांगितलं. मुद्दाम गप्प बसलो हेही सांगितलं आणि बायको काय म्हणाली तेही. साहेबांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी तो आकडा माझ्यासमोर खोडला, बाजूला खरा लिहिला आणि सही केली. त्याच दुपारी स्वतः तालुक्याला जाऊन बसले. चार दिवसांत टँकर लागला. माझं नाव त्यांनी कुठे घेतलं नाही. येताना जीपमध्ये एवढंच म्हणाले, "आकडा मी लिहिला, चूक माझी. पण पाटील, पुढच्या वेळी तोंड उघडा." आणि पुढे जिल्ह्यात होते तोवर माझ्या 'शे'ला हसले नाहीत. उलट विहिरीवर गेले की मालकाला स्वतःच विचारायचे, कोल्हापुरी हेल काढून, वरतून का खालतून?

मी त्यांचे आभार मानले नाहीत. तेव्हा लाज वाटत होती, नंतर त्यांची बदली झाली.

तर मुलाखतीचा दिवस आला. सुनेने भाकरी-ठेचा बांधून दिला. पल्लवीने मला बसमध्ये बसण्याआधी बजावलं, आबा, तुम्ही ओळख द्यायची नाही. आतल्या कोणाला हाक मारायची नाही. ओळखीनेच घ्यायचं असतं तर बोअरवाला काय वाईट होता? मला लागलं, पण तिचं बरोबर होतं. आडनावाने ओळख पटायची भीती नव्हती. आम्ही पाटील, आणि खानदेशात ढेकूळ उचललं तर खाली पाटील निघतो.

धुळ्याच्या ऑफिसात पोहोचलो. व्हरांड्यात पोरांची ही गर्दी. भिंतीवर साहेबांच्या नावाची पाटी होती. मी चष्मा पुसून दोनदा वाचली. तेच कोल्हापूरकडचे साहेब. आता सगळ्यांत मोठ्या खोलीत. पल्लवीला ते नाव माहीत असायचं कारण नव्हतं. मी टोपी खाली ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. एकदा ते व्हरांड्यातून गेले, केस पांढरे झालेत, चाल तीच. हाक अगदी ओठावर आली होती. एक हाक, आणि पोरीचं काम झालं असतं. ज्या माणसाला तोंड उघडा म्हणून सांगितलं होतं, तो त्या दिवशी तोंड दाबून बसला. पण यावेळी कोणाच्या सांगण्यावरून, ते लक्षात घ्या.

पल्लवी आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. चेहरा उतरलेला. तशीच जिना उतरली. मग एकदम म्हणाली, "आबा, तुम्ही मला परस का नाही शिकवलं?"

मी म्हटलं, आत काय विचारलं, ते आधी सांग.

तिने सांगितलं ते असं. सुरुवात चांगली झाली. ओल्या भिंतीचं सांगितलं तर आतले हसले. मग पांढऱ्या केसांच्या साहेबांनी विचारलं, टेप तुटली आहे, शेतकरी म्हणतो पाणी चार परस, तुम्ही काय लिहाल? ही म्हणाली, मला परस म्हणजे काय ते माहीत नाही. साहेबांनी सांगितलं, हात वर करून उभ्या माणसाएवढं माप. आता लिहा. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं. म्हणाली, "मी लिहिणार नाही सर. आधी त्यांना विचारीन, वरतून का खालतून."

साहेबांनी चष्मा काढला. विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? ही म्हणाली, पुस्तकात नाही शे. जीभ चावली आणि परत म्हणाली, नाही आहे सर, माझी आजी विचारायची. साहेबांनी विचारलं, कशाबद्दल? ही म्हणाली, पिठाबद्दल. साहेबांनी मान डोलावली. "या आता," एवढंच म्हणाले.

पोरीला वाटत होतं, सगळं बिघडलं. परस आलं नाही, 'शे' निघालं, वर पीठ.

परतीच्या बसमध्ये पारोळा मागे पडल्यावर मी तिला ती विहीर सांगितली. काही गाळलं नाही, ओंजळभर पाणीसुद्धा. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे जिजी इतकी वर्षं तुम्हाला टोमणा मारत होती? आणि आम्ही हसत होतो?" मी म्हटलं, पहिली दोन वर्षं टोमणा होता. मग सवय झाली. मग मलाच ऐकल्याशिवाय करमेना. तिने माझा हात धरला आणि एरंडोलपर्यंत सोडला नाही. जिजी गेल्यापासून मला कोणी रडताना बघितलं नव्हतं. त्या बसमधल्या लोकांनी बघितलं.

तीन दिवसांनी फोनवर यादी आली. चारांत तिसरं नाव तिचं. तिचा बाप वरणगावहून पेढे घेऊन आला आणि बोअरवाल्याचं नाव घरात परत निघालं नाही.

साहेबांनी ओळखलं की नाही, मला माहीत नाही. ओळखलं असेल आणि दाखवलं नसेल, तर ते त्यांचं मोठेपण. ओळखलं नसेल, तर सगळं पोरीचं. पल्लवी दोन महिने काम करून आली, तिनेही सांगितलं नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला तर कळेल. साहेब, तुमचे आभार राहून गेले होते. आता मानतो. आणि त्या गावच्या, हंडा कलता करणाऱ्या बाईचे. तिचं नाव मी विचारलं नव्हतं.

आता एकच सांगायचं राहिलं. कामावर जायच्या पहिल्या दिवशी सकाळी पल्लवी पिशवी भरत होती. खात्यात यंत्र देतात, पण सेल संपले तर म्हणून टेप जवळ ठेवणार होती. मी शिडी लावली आणि माळ्यावरून डबा काढला. झाकण गंजलं होतं, दोनदा आपटून उघडलं. आत जिजीच्या हातचे तुकडे, पांढरे, एखादा पिवळा, एकाला फळ्याचा काळा रंग लागलेला. पल्लवी स्वयंपाकघरातून ओरडली, "आबा, खडू कितला शे?"

मी डब्यात हात घालून बोटं लावून बघितली. म्हटलं, "चार बोटं."

ती दारात येऊन उभी राहिली. "वरतून का खालतून?"

"खालतून," मी म्हटलं. "अजून चार बोटं शे."